विश्लेषण : सांधे सुजले, रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, मराठवाड्यातील रुग्णाने जायचे कोणाकडे?

आमवातावरची पहिल्या फळीची औषधे महाग नाहीत आणि प्राथमिक तपासण्या तालुक्याच्या गावातही होतात. तरीही योग्य डॉक्टरपर्यंत पोहोचण्यात रुग्णाचे महिने, कधी वर्षे जातात. विशेषज्ञ शोधण्याचे काम रुग्णाच्याच गळ्यात पडते, हे त्याचे मुख्य कारण आहे. ते काम खरे तर पहिल्या डॉक्टरचे आणि सरकारी यंत्रणेचे असायला हवे.

सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत. कणीक मळताना मनगटात कळ येते, बाटलीचे झाकण फिरत नाही, चपलेत पाय घालताना बोटांच्या मुळाशी दुखते. दहा-अकरा वाजेपर्यंत हात जरा मोकळे होतात आणि मग दिवसभर कोणाला सांगावेसे वाटत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अशा रुग्णाचा पुढचा प्रवास बहुतेक वेळा ठरलेल्या चाकोरीतून होतो. आधी गल्लीतल्या डॉक्टरचे इंजेक्शन. दोन आठवड्यांनी तेच दुखणे परत. मग हाडांचे डॉक्टर. एक्स-रे ‘नॉर्मल’, कॅल्शियमच्या गोळ्या, गरम पाण्याचा शेक. मग कोणीतरी सुचवलेली बिननावाची पुडी, जिने आठ दिवसांत जादूसारखा आराम पडतो. शेवटी लॅबचे ‘आर्थ्रायटिस पॅकेज’ आणि अहवालात ठळक अक्षरांत छापलेला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द. त्यानंतर मोबाइलवर शोधाशोध आणि रात्रीची झोप उडणे.

या शहरात डॉक्टरांची वानवा नाही. १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, आहे. एमजीएम, कमलनयन बजाज, डॉ. हेडगेवार यांसारखी मोठी रुग्णालये आहेत. जालना, बीड, परभणी, हिंगोलीचे रुग्ण इथेच येतात. तरीही ‘ऑटोइम्यून असू शकते’ एवढे वाक्य ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला पुढचे दार कोणते, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

हा आजार नेमका कोणत्या डॉक्टरचा?

ऑटोइम्यून आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर हल्ला करते. हल्ला कुठे झाला यावर डॉक्टर ठरतो. थायरॉइडवर झाला तर फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मेंदू-मज्जारज्जूवर झाला तर न्यूरोलॉजिस्ट, त्वचेवर फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञ, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिअ‍ॅक आजार असेल तर पोटविकारतज्ज्ञ. इथपर्यंत गोंधळ कमी आहे. खरा गोंधळ सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी पसरणाऱ्या आजारांत होतो. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस, स्क्लेरोडर्मा, जोग्रेन, मणक्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, रक्तवाहिन्यांचा दाह ही त्यातली काही नावे. हे आजार रुमॅटॉलॉजिस्टचे.

मराठीत यासाठी ‘संधिवाततज्ज्ञ’ हा शब्द रुळला आहे, पण तो थोडा फसवा आहे. सांधा म्हटले की लोकांना हाडांचे डॉक्टर आठवतात. अस्थिरोगतज्ज्ञ हा सर्जन असतो. मोडलेले हाड जोडणे, झिजलेला गुडघा बदलणे हे त्याचे काम. रुमॅटॉलॉजिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. तो आधी फिजिशियन असतो आणि नंतर प्रतिकारशक्तीच्या आजारांचे स्वतंत्र शिक्षण घेतो. तोंड सतत कोरडे पडणे, थंडीत बोटे पांढरी-निळी होणे, गालांवर उन्हाने वाढणारा लाल चट्टा, कारण न सापडणारा ताप अशा तक्रारी घेऊन रुग्ण ‘संधिवाता’च्या डॉक्टरकडे जाईल, हे या शब्दावरून कोणाच्या लक्षातच येत नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुमॅटॉलॉजी हा स्वतंत्र विषय नाही. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत रुग्ण पहिल्यांदा ज्यांच्याकडे जातो, ते बहुतेक डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांच्या नावाने बोटे मोडून काही होणार नाही. त्यांच्या हातात एक सोपी चाळणी द्यायला हवी होती, ती दिली गेलेली नाही.

एक्स-रे ‘नॉर्मल’ असताना घाई कशाची?

कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते आणि आमवाताची सुरुवात हाडात होत नाही. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते जाड होते आणि काही काळाने शेजारचे हाड कुरतडू लागते. एक्स-रेमध्ये खाच दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते आणि ते भरून येत नाही. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०१६ च्या सुधारित शिफारशींत म्हटले आहे की, सांध्याला सूज आलेल्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुमॅटॉलॉजिस्टने पाहावे. आजार टिकून राहण्याची शक्यता असेल तर तो रोखणारे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे, अशी त्यापुढची शिफारस आहे.

सहा आठवडे! आपल्याकडे तेवढ्यात कॅल्शियमचा पहिला डबाही संपलेला नसतो.

चाळणी कशी असावी, हेही २००२ पासून वैद्यकीय साहित्यात सांगितलेले आहे. तीन किंवा अधिक सांधे सुजलेले आहेत का? हाताच्या किंवा पायाच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे धरून हलके दाबल्यावर दुखते का? सकाळचा ताठरपणा अर्धा तास किंवा जास्त टिकतो का? यातले एक उत्तर ‘हो’ असले तरी रुग्णाला पुढे पाठवावे. यंत्र लागत नाही, रक्त लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

मराठवाड्यात असे रुग्ण किती असतील?

याचे उत्तर शोधायला पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला जावे लागते. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे हे गाव माहीत असते, पण संधिवाताच्या जगात ते वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमांतर्गत १९९६ मध्ये इथे घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र साधारण अर्धा टक्का लोकांना निघाला. त्याआधी १९९३ मध्ये डॉ. ए. एन. मालवीय यांच्या चमूने दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील अभ्यासात हे प्रमाण ०.७५ टक्के नोंदवले होते.

भिगवणच्या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, दुखणे असलेल्या साधारण ३६ जणांमागे एकाला आमवात असतो. म्हणजे अंग दुखणाऱ्या प्रत्येकाने विशेषज्ञाकडे धाव घेण्याची गरज नाही. तसे झाले तर ज्याला खरी गरज आहे तोच रांगेत मागे राहील. दुसरी, अर्धा टक्का ही संख्या दिसते तेवढी लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. त्यात प्रौढ १ कोटी २० लाख धरले, तरी आमवाताचे रुग्ण ६० हजारांच्या घरात जातात. हा हिशेब ढोबळ आहे आणि जुन्या लोकसंख्येवरचा आहे. प्रत्यक्ष संख्या याहून कमी असण्याची शक्यता कमीच.

आता दुसरी बाजू. एक रुमॅटॉलॉजिस्ट दिवसाला ३० रुग्ण तपासतो आणि वर्षात ३०० दिवस काम करतो असे मानू. वर्षाला ९ हजार भेटी झाल्या. एका रुग्णाला वर्षातून चार वेळा यावे लागते असे धरले, तर एक डॉक्टर जेमतेम २,२५० रुग्ण सांभाळू शकतो. ६० हजार रुग्णांसाठी २७ डॉक्टर हवेत, तेही फक्त आमवातासाठी. ल्युपस, स्पाँडिलायटिस आणि बाकीचे आजार वेगळेच. संभाजीनगरात आज या शाखेचे शिक्षण घेतलेले डॉक्टर आहेत, ही मोठी सोय आहे. पण ते बोटांवर मोजण्याइतके आहेत. डॉक्टर तयार व्हायला एमबीबीएसपासून अकरा-बारा वर्षे लागतात, त्यामुळे ‘जागा वाढवा’ एवढ्या मागणीने या दशकात तरी गणित सुटणार नाही. आहेत त्यांच्यापर्यंत योग्य रुग्ण वेळेत पोहोचवणे, हाच हाताशी असलेला उपाय आहे.

‘एएनए पॉझिटिव्ह’ म्हणजे ल्युपस झाला का?

बहुतेक वेळा नाही. लोक सर्वाधिक घाबरतात ते या एका तपासणीमुळे. १९९७ मध्ये अनेक देशांतील प्रयोगशाळांनी मिळून निरोगी व्यक्तींची एएनए तपासणी केली. रक्त ४० पट विरळ केल्यावर जवळपास ३२ टक्के, ८० पट विरळ केल्यावर १३ टक्के आणि १६० पट विरळ केल्यावरही ५ टक्के निरोगी माणसे पॉझिटिव्ह आली. अहवालावर १:४०, १:८० असे जे आकडे असतात त्यांचा अर्थ हाच. म्हणजे एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली, तर १:८० ला सुमारे १३ हजार जण पॉझिटिव्ह येतील. भारतातील जुन्या पाहणीनुसार एक लाखात ल्युपसचे रुग्ण तीनच्या आसपास. हा आकडा कमी नोंदला गेला असे समजून दहापट केला, तरी ते ३० होतात. तेरा हजार कुठे आणि तीस कुठे!

तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ल्युपसच्या जवळपास प्रत्येक रुग्णात एएनए पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे लक्षणे असतील तेव्हा ती मोलाची ठरते. लक्षणांशिवाय, पॅकेजचा भाग म्हणून केलेली तपासणी मात्र केवळ धास्ती विकते. आरए फॅक्टरचेही तसेच. तो क्षयरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये, वय वाढल्यावर निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. उलट आमवाताच्या साधारण चारातल्या एका रुग्णात तो निगेटिव्हच असतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्यामानाने नेमकी आहे, पण तिचा निगेटिव्ह अहवालही आमवात नाही असे सिद्ध करत नाही. सुजलेला सांधा डोळ्यांसमोर असताना ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे, काही नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवणे ही पॉझिटिव्ह अहवालाच्या भीतीइतकीच महागात पडणारी गोष्ट आहे.

चिकुनगुन्या हा आणखी एक चकवा. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्रात तो अधूनमधून डोके वर काढतोच. तापानंतर सांधे कित्येक आठवडे, काहींचे महिनोन् महिने दुखतात-सुजतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. म्हणून ‘आधी ताप आला होता का, घरात-शेजारी आणखी कोणाला आला होता का’ हा प्रश्न अनेकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

पाटीवरचा ‘संधिवाततज्ज्ञ’ कसा पडताळायचा?

पदवी वाचावी. एमडी मेडिसिन (किंवा बालरोग) झाल्यावर तीन वर्षांचे डीएम किंवा डीआरएनबी, विषय ‘क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड रुमॅटॉलॉजी’, ही या शाखेची पूर्ण पदवी. काही फिजिशियननी एमडीनंतर फेलोशिप केलेली असते. तेही या रुग्णांवर चांगले उपचार करतात. डीएमच्या जागा देशात फार उशिरा आणि थोड्या निघाल्या, त्यामुळे जुन्या पिढीतील अनेक नावाजलेल्या डॉक्टरांनी हे शास्त्र अनुभवाने आणि परदेशी प्रशिक्षणाने आत्मसात केले, हेही लक्षात ठेवायला हवे. मात्र काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर ‘जॉइंट स्पेशालिस्ट’ अशी पाटी लागली असेल, तर ती वेगळी गोष्ट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक किंवा नाव टाकून डॉक्टरची नोंदणी तपासता येते. यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पुणे, मुंबई की हैदराबाद?

संभाजीनगरचा माणूस मोठ्या आजारासाठी सवयीने पुण्याची बस धरतो किंवा रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जातो. मुंबईत केईएमसारख्या महापालिका रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात या विषयाचे डॉक्टर बरेच आहेत. नांदेडच्या रुग्णाची दिशा वेगळी. त्याला हैदराबाद जवळपास संभाजीनगरइतकेच लांब पडते आणि तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये रुमॅटॉलॉजी विभाग जुना आहे. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. राजधानी बदलली, दवाखान्याची वाट काही घरांत तशीच राहिली.

पण हे आजार वर्षानुवर्षे चालतात आणि दूरच्या डॉक्टरची खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या भेटीला होते. दर तीन महिन्यांनी दोन माणसांचे भाडे, एक-दोन दिवसांची बुडालेली मजुरी, राहायची सोय. आराम पडला की पहिली काट या प्रवासावर बसते. औषध बंद होते आणि सहा महिन्यांनी आजार दुप्पट जोराने परततो. म्हणून निदान करणारा डॉक्टर दूरचा असला तरी चालेल, रक्ततपासण्यांवर लक्ष ठेवणारा फिजिशियन मात्र जवळचा हवा. आमवाताच्या औषधांवर असलेल्या रुग्णाला ठरावीक अंतराने हिमोग्लोबिन-पांढऱ्या पेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. हे फुलंब्रीत किंवा अंबडमध्येही होते. त्यासाठी पुण्याला जायचे कारण नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांसाठी तर जवळ-दूर हा शब्दच निरर्थक ठरतो. हंगामाचे पाच-सहा महिने ते पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. आमवात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना दोन-तीनपट अधिक होतो. सुजलेल्या मनगटाने कोयता चालवणाऱ्या बाईला ‘पुढच्या महिन्यात याच ओपीडीत या’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे.

भेट मिळेपर्यंत काय करायचे?

पहिली गोष्ट, एमडी मेडिसिन असलेल्या फिजिशियनला भेटावे. घाटीच्या मेडिसिन विभागाचा केसपेपर काढणे हा यातला सर्वात स्वस्त मार्ग. विशेषज्ञाची तारीख महिन्यानंतरची असेल, तर फिजिशियन बाकीचे आजार वगळू शकतो, प्राथमिक उपचार सुरू करू शकतो आणि सर्वात महत्त्वाचे, चिठ्ठी लिहू शकतो.

या चिठ्ठीवर आपल्याकडे फार अन्याय झाला आहे. ‘रेफर्ड फॉर ओपिनियन’ एवढे तीन शब्द म्हणजे चिठ्ठी नव्हे. तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, कोणते सांधे, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे, आतापर्यंतची औषधे आणि त्यांचा परिणाम, स्टेरॉइड दिले असेल तर नाव, डोस आणि तारखा, पूर्वी क्षयरोग झाला होता का, गर्भधारणेचा विचार आहे का, एवढे एका पानात बसते. क्षयरोगाचा प्रश्न भारतात विशेष महत्त्वाचा, कारण पुढे बायोलॉजिक इंजेक्शनांची वेळ आली तर शरीरात दबून बसलेला क्षय उसळू शकतो. डॉक्टरने लिहून दिले नाही तर रुग्णाने किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाने वहीत मराठीत लिहावे. सूज आणि चट्टा येतो-जातो. तारीख दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तपासणीच्या दिवशी हात नेमका चांगला असतो, हा जवळपास नियमच आहे.

बिननावाच्या पुडीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. दुखणे दबते, रक्ताचे अहवाल सौम्य दिसतात, निदान लांबते. दरम्यान साखर वाढते, चेहरा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात. मात्र अशी पुडी किंवा स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस घेतली असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरला सगळे सांगून, हळूहळू कमी करावी लागते. ‘रागावतील’ म्हणून लपवू नये.

काही तक्रारींत तारखेची वाट पाहायचीच नसते. एकच सांधा अचानक लाल-गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चेहरा-पायांवर सूज आणि लघवीला फेस, धाप, छातीत दुखणे, फिट येणे, बोटाचे टोक काळे पडणे, अचानक नजर कमी होणे यांतही तसेच. ल्युपसच्या संशयात साधी लघवीची तपासणी आणि रक्तदाब या दोन गोष्टी महागड्या पॅनेलच्या आधी व्हायला हव्यात, कारण मूत्रपिंडाचा आजार बराच काळ दुखत नाही. लहान मूल सकाळी लंगडत असेल आणि दुपारी खेळत असेल, तर ‘नाटक करतो’ म्हणण्याआधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. मुलांच्या संधिवातात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि डोळा लालही होत नाही. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाची तपासणीही लागते.

सरकारी यंत्रणा यात कुठे आहे?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, पक्षाघात आहेत; आमवात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण वर्षाला पाच लाखांवर गेले, हे चांगलेच झाले. पण योजनेचा गाभा दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा आहे. आमवाताचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर महिन्याला गोळ्या आणि दर काही महिन्यांनी रक्ततपासणी यावर खर्च करतो. त्याचा सांधा पूर्ण निकामी होऊन बदलायची वेळ आली, की मग तो व्यवस्थेला दिसू लागतो. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती तालुक्याच्या रुग्णालयात अखंड मिळत राहणे हे पाच लाखांच्या कवचाइतकेच, कदाचित अधिक, उपयोगाचे ठरेल.

करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. घाटीत आणि मराठवाड्यातील इतर शासकीय महाविद्यालयांत संधिवाताची ओपीडी ठरावीक वारी असावी आणि तो वार प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा. स्वतंत्र विशेषज्ञ नसेल तर शहरातील खासगी रुमॅटॉलॉजिस्टना मानद म्हणून आठवड्यातून एक सकाळ बोलावता येते. मानद डॉक्टरांची परंपरा आपल्या सरकारी रुग्णालयांना नवी नाही. ‘ई-संजीवनी’वर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरशी रुग्णाचे बोलणे घडवून देतात. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० पासून लागू आहेत. पहिल्या भेटीत सांधा हाताने दाबून पाहावाच लागतो, पण पुढच्या भेटींपैकी निम्म्या तरी फोनवर होऊ शकतात. फडावरच्या बाईपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग तूर्त दिसत नाही. आणि आशा ताई रक्तदाब-मधुमेहासाठी घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात ‘सांधे सहा आठवड्यांपासून सुजलेले आहेत का’ ही एक ओळ वाढवायला किती खर्च येतो?

एक धोका मात्र या सगळ्या सोयींसोबत वाढेल, त्याची तयारी आधीच हवी. मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर ते नीट लिहिले नाही, औषध दुकानदाराने इतर गोळ्यांसोबत ‘रोज एक’ असे सांगितले किंवा रुग्णाला वाचता आले नाही, तर रोजची गोळी रक्तपेशी घटवून जिवावर बेतू शकते. गर्भधारणेच्या काळातही हे औषध चालत नाही. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरशी बोलून ते थांबवावे लागते. त्यामुळे चिठ्ठी इंग्रजीत असली तरी गोळीच्या पाकिटावर आठवड्याचा वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहून घ्यावा: ‘फक्त रविवारी’ किंवा जो ठरला असेल तो.